नदी लांब, ओढा जवळ: नव्या घरासाठी पुराचा विमा

१. लोणंदला कसला आलाय पूर?

लोणंदमध्ये प्लॉट किंवा तयार बंगला घेताना बँक घराच्या विम्याचा विषय काढते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. उन्हाळ्यात जिथे पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची वेळ येते, तिथे पूर कुठून येणार?

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या ईशान्येला असलेल्या लोणंदच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आगेमागे येतो. सह्याद्रीने ढग अडवले की उरलेसुरले इकडे पोचतात. नीरा नदी गावाला खेटून नाही, उत्तरेला काही किलोमीटरवर आहे. आषाढात माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. वारकरी ते अंतर चालून येतात, पाणी मात्र सहसा येत नाही.

पण पूर म्हटले की डोळ्यांसमोर सांगली उभी राहते आणि घोटाळा तिथेच होतो. सांगलीचा पूर नदीचा. कृष्णा, कोयना, वारणा यांचे पाणी दिवसेंदिवस साठत जाते आणि आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी तासातासाला सांगितली जाते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांपर्यंत गेली. असा पूर हळू चढतो आणि हळू उतरतो. माणसांना निघायला वेळ मिळतो, घर मात्र आठ-आठ दिवस पाण्यात राहते.

कमी पावसाच्या पट्ट्यातला पूर निराळ्या जातीचा असतो. वर्षभर कोरडा असलेला ओढा एका रात्री भरून वाहतो आणि सकाळी पुन्हा गुडघाभर होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदर तालुक्यात असाच पाऊस झाला. कऱ्हा नदीला पूर आला, बारामतीत नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. त्याच रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने हाहाकार केला. मे २०२५ च्या अखेरीस, पावसाळा धड सुरू होण्याआधीच, बारामती, इंदापूर, फलटण भागात धो-धो पाऊस पडला आणि बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. पुणे सोडले तर ही सगळी गावे लोणंदच्या आसपासच्या पट्ट्यातली, त्याच पर्जन्यछायेतली.

तेव्हा लोणंद परिसरातल्या घराला पाणी तीन वाटांनी येऊ शकते. पहिली वाट नीरेची. वीर, भाटघर, नीरा देवघर ही धरणे भरली की वीरमधून विसर्ग सुटतो आणि पाडेगावसारख्या काठच्या गावांना सावध राहावे लागते. इथे क्युसेक हा शब्द कानावर येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे दर सेकंदाला दोन बादल्या. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास तीन लाख लिटर. दुसरी वाट कालव्याची. नीरा उजवा कालवा वीरपासून याच बाजूने फलटणकडे जातो. तो नेमका कुठे फुटेल हे कुणी आधी सांगू शकत नाही, पण फुटला तर पाणी उताराकडे जाणार एवढे नक्की.

तिसरी वाट ओढ्यानाल्यांची, आणि नवे घर घेणाऱ्याने सर्वांत जास्त विचार करायचा तो हिचाच. गाव वाढते तसे ओढ्याच्या काठावर भराव टाकून प्लॉट पाडले जातात. रस्ता उंच होतो, त्याखालच्या मोरीचा पाइप तेवढाच राहतो. पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी पाण्याला जायला जागा उरत नाही. जुन्या घरांचे जोते मग रस्त्याच्या खाली जाते आणि पाणी थेट उंबरा ओलांडते.

२. ‘शंभर वर्षांचा पूर’ शंभर वर्षांनी येत नाही

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या काठाने दोन रेषा आखतो. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येईल एवढा पूर जिथवर पोचतो ती निळी पूररेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल पूररेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा बांधकामाला निषिद्ध. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येते, आणि त्यातली मुख्य अट जोत्याच्या उंचीची असते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी अनेकांची दिशाभूल होते. २०१९ ला येऊन गेला, आता शंभर वर्षे निर्धास्त, असा अर्थ काढला जातो. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सतरा वर्षांच्या आत पाहिले. तिन्ही वेळा पाणी आयर्विनला पन्नास फुटांच्या वर होते.

खरा अर्थ सोंगट्यांच्या फाशासारखा आहे. शंभर बाजूंचा फासा दरवर्षी एकदा टाकायचा, त्यातली एक बाजू पुराची. गेल्या वर्षी ती पडली म्हणून यंदा पडणार नाही असे नाही. फाशाला मागचे काही आठवत नसते. आता घराचे कर्ज वीस वर्षांचे आहे असे धरू. तो फासा वीस वेळा टाकला तर पुराची बाजू एकदा तरी पडण्याची शक्यता १८ टक्के होते. घर अगदी निळ्या रेषेवर असेल, म्हणजे फासा २५ बाजूंचा असेल, तर तीच शक्यता ५६ टक्के. कर्ज फिटण्याआधी घरात पाणी शिरण्याचीच शक्यता जास्त, असा याचा अर्थ.

मात्र या रेषा मोठ्या नद्यांसाठी आखल्या जातात. गावातल्या प्रत्येक ओढ्याला पूररेषा आखलेली नसते. ‘प्लॉट पूररेषेत येत नाही’ हे विकणाऱ्याचे वाक्य म्हणून खरे असूनही पुरेसे नसते. भूमी अभिलेख कार्यालयातल्या गाव नकाशावर जुने ओढे-नाले दाखवलेले असतात. आज जिथे सपाट प्लॉट आणि तारेचे कुंपण दिसते, तिथून नकाशावर ओढ्याची रेघ जात असेल तर ती रेघ खरी समजावी. पाणी नवा लेआउट वाचत नाही. शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या तुकड्याचे जुने नाव विचारले तरी बरेच कळते. ज्या रानाला ‘डबरा’ म्हणत होते, त्याचे नाव पुढे ‘पार्क’ झाले तरी खोलगटपणा जात नाही.

३. नंबर लागू नये अशी भिशी

विम्याचे गणित समजायला भिशी पुरते. वीस जणी दर महिन्याला हजार रुपये काढतात आणि जिचा नंबर लागेल तिला वीस हजार मिळतात. प्रत्येकीचा नंबर कधीतरी लागतोच. विमाही अशीच भिशी आहे, फरक दोन. इथे लोक वीस नसून लाखो असतात, आणि ज्याच्यावर संकट येते त्याचाच नंबर लागतो. बाकीच्यांचे पैसे परत येत नाहीत. पंधरा वर्षे हप्ते भरले आणि काहीच मिळाले नाही, ही तक्रार म्हणजे नंबर लागला नाही याची तक्रार. खरे तर ती आनंदाची बाब.

भिशी चालवणारी कंपनी स्वतःचा खर्च आणि नफा हप्त्यात धरते. त्यामुळे सर्वांनी मिळून भरलेले पैसे सर्वांना मिळून परत मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्तच असतात. म्हणून ज्या नुकसानीने घरखर्च कोलमडत नाही, तिचा विमा घेणे तोट्याचे. मिक्सर बिघडला, खिडकीची काच फुटली, हे खिशातून भरावे. ज्या नुकसानीने दहा वर्षांची बचत एका रात्रीत जाईल, तिच्यासाठी मात्र थोडा तोटा सोसून भिशीत बसणे शहाणपणाचे. पुरात फरशी, वायरिंग, फर्निचर आणि धान्य एकदमच जाते, म्हणून ही नुकसानी दुसऱ्या प्रकारात मोडते.

आकड्यांत मांडून पाहू. दोन घरे आहेत असे समजा. एक ओढ्याकाठी, तिथे पाणी शिरण्याची शक्यता वर्षाला पन्नासात एक. दुसरे माळावर, तिथे हजारात एक. पाणी शिरले तर दोन्हीकडे तीन लाखांचे नुकसान. ओढ्याकाठच्या घराचे सरासरी नुकसान वर्षाला सहा हजार रुपये पडते, माळावरच्या घराचे तीनशे. दोघांना हप्ता सारखाच, समजा दोन हजार असेल, तर ओढ्याकाठच्या माणसाने क्षणभरही विचार करू नये. माळावरच्याला केवळ पुरासाठी हा सौदा महाग वाटेल, आणि हिशेबाने तो बरोबरच आहे. पण त्याला केवळ पुरासाठी पैसे भरावे लागत नाहीत. त्याचे कारण पुढच्या भागात.

४. पुराचा वेगळा विमा मिळतच नाही

अमेरिकेत घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. तिथे १९६८ मध्ये सरकारने पुरासाठी स्वतंत्र विमा योजना काढली आणि ‘पुराचा विमा घ्यावा की नाही’ हा प्रश्न तिथे घर घेणाऱ्याला खरोखर वेगळा सोडवावा लागतो. भारतात तसे नाही. इथे पूर घराच्या विम्यातच येतो.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना एकसारखी पॉलिसी विकायला लावली. तिचे नाव ‘भारत गृह रक्षा’. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच, हप्ता तेवढा वेगळा. त्यामुळे दोन-तीन कंपन्यांकडून भाव काढणे सोपे झाले आहे. या पॉलिसीत आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणे, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे हे सगळे एकत्र आहे. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर तीही. पुरामुळे कुलूप लावून नातेवाइकांकडे गेलेल्या कुटुंबाला या एका कलमाची किंमत कळते.

माळावरच्या घरमालकाचा हिशेब इथे बदलतो. पाणी त्याच्याकडे येणार नाही, पण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला. वीज माळावर जास्त पडते. शॉर्ट सर्किटने लागणाऱ्या आगीला तर ओढा आणि माळ दोन्ही सारखेच. पूर हा त्याच्या पॉलिसीतला बिनमहत्त्वाचा भाग ठरेल इतकेच.

बँकेने कर्जासोबत विमा दिला असेल तर कागद उघडून पाहावा. कर्जासोबत दिला जाणारा विमा पुष्कळदा घराचा नसून कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटेल, घर बुडाले तर एक रुपयाही मिळणार नाही. आणि विमा घराचाच असेल, तर त्यात बँकेचे नाव असते, म्हणजे भरपाईवर आधी बँकेचा हक्क चालतो. विमा रक्कम घराच्या खर्चाएवढी आहे की फक्त कर्जाएवढी, हेही तिथेच कळते.

५. जमीन वाहून जात नाही

विमा किती रकमेचा काढावा यात सर्वांत मोठी चूक होते ती खरेदीखतावरचा आकडा धरण्याची. तीन गुंठ्यांतला बंगला ३८ लाखांना घेतला म्हणून ३८ लाखांचा विमा काढणे व्यर्थ. त्यातली जमिनीची किंमत पुराने बुडत नाही. विमा असतो तो घर आज पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा.

हा खर्च काढण्याची रीत पॉलिसीतच सांगितलेली आहे: चटई क्षेत्र गुणिले दर चौरस मीटरचा बांधकाम खर्च. घराचे चटई क्षेत्र ८० चौरस मीटर (सुमारे ८६० चौरस फूट) आणि गावातला बांधकामाचा दर चौरस मीटरला २२ हजार रुपये धरला, तर विमा रक्कम होते १७ लाख ६० हजार. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप धरले जातात. या उदाहरणात ते ३ लाख ५२ हजार. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते.

जुन्या पॉलिसींमध्ये एक बोचरा नियम होता. वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचा विमा काढला आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी चार नव्हे, दोनच लाख देत असे. विमा अर्धा, म्हणून भरपाईही अर्धी. भारत गृह रक्षामध्ये हा नियम काढून टाकला आहे. शिवाय पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते, आणि अशा दीर्घ पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी, जादा हप्ता न घेता, वाढत जाते. सिमेंट-वाळूचे भाव ज्या गतीने चढतात ते पाहता ही तरतूद फार उपयोगी.

फ्लॅट असेल तर हिशेब थोडा निराळा. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, पण तळमजल्यावरचा पंप, मीटर आणि लिफ्टची मशिनरी बुडाली तर खर्च सगळ्यांच्या डोक्यावर येतो. तिथे संपूर्ण इमारतीचा विमा सोसायटीने आणि आतल्या सामानाचा ज्याचा त्याने घेणे सोयीचे पडते. भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा घेता येतो.

६. ज्याला विमा पूर म्हणत नाही

लोणंदच्या नव्या घराला पाण्यामुळे होणारा सर्वांत संभाव्य त्रास पूर नसतोच. तो असतो भेगा आणि ओल. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया त्या हिशेबाने घातला नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भिंतीवर तिरप्या भेगा उमटतात. घरमालक म्हणतो जमीन खचली, आणि पॉलिसीत तर ‘जमीन खचणे’ लिहिलेले आहे. पण त्याच कलमाखाली अपवादही आहेत: नवे बांधकाम बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भरावाची जमीन दबणे, नदीने काठ खाणे आणि सदोष आराखडा किंवा निकृष्ट बांधकाम. ओढ्यावर भराव टाकून बांधलेल्या घराला हे अपवाद नेमके लागू पडतात. स्लॅबमधून वर्षानुवर्षे पाझरणारे पाणी हेही पुरात बसत नाही, ती दुरुस्तीची बाब. म्हणजे भरावावरच्या त्या घरात ओढ्याचे पाणी शिरले तर भरपाई मिळेल, भराव दबून घर कलले तर मिळणार नाही. ही जोखीम विमा कंपनीवर टाकता येत नाही. ती इंजिनिअरला आधी बोलावून, प्लॉट घेण्यापूर्वीच टाळावी लागते.

लोणंद म्हणजे कांद्याची बाजारपेठ, आणि इथे घर व धंदा एकाच कुंपणात असणे नवे नाही. गृह विमा राहत्या घराचा असतो. खालच्या गाळ्यातले दुकान किंवा गोदामातला माल त्यात येत नाही. पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी त्याच वेळी सुरू झाली आहे. दारातली गाडीही घराच्या विम्यात नसते. तिचे पुरातले नुकसान गाडीच्या सर्वंकष पॉलिसीत येते, फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. इंजिनात पाणी ओढले जाऊन जे बिघडते त्यासाठी बहुधा वेगळे जादा कलम घेतलेले असावे लागते.

आणखी एक गोष्ट. आकाश भरून आल्यावर, ओढा फुगल्यावर विमा काढता येत नाही. सुरू झालेले नुकसान कुठलीही कंपनी घेत नाही.

७. सरकार देतेच की

हा युक्तिवाद पारावर हमखास होतो. सरकार देते हे खरे, पण किती? आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्रीय निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये. पक्के घर पडले नाही, पण किमान पंधरा टक्के नुकसान झाले, तर ६ हजार ५००. कपडे आणि भांडी यांसाठी अडीच-अडीच हजार. राज्य सरकार मोठ्या पुरानंतर यात भर घालते. आता पक्क्या बंगल्यात तीन फूट पाणी शिरले तर तो पडत नाही. वायरिंग, दारे, फर्निचर, फ्रिज जाते, भिंती उभ्याच राहतात. कागदावर हे ‘अंशतः’ नुकसान. मागच्या उदाहरणातल्या तीन लाखांसमोर ही रक्कम ठेवली की पारावरच्या युक्तिवादाचे वजन कळते. ही मदत जगायला हात देण्यासाठी असते. घर पूर्ववत करणे हा तिचा हेतूच नाही.

एकूण हिशेब असा: घर निळ्या रेषेच्या आत असेल तर प्रश्न विम्याचा नाही, घर न घेण्याचा आहे. लाल रेषेच्या आत, कालव्याच्या उताराला किंवा ओढ्याच्या शे-दोनशे मीटरच्या टप्प्यात असेल, तर ताबा मिळेल त्या दिवसापासून इमारत आणि सामान दोन्हींचा विमा असावा. उंच माळावर कर्ज काढून घेतलेल्या घरालाही विमा घ्यावाच, पुरापेक्षा बाकीच्या संकटांसाठी. कर्ज नसलेला, घर पुन्हा बांधण्याएवढी शिल्लक बाळगून असलेला माणूस विम्याशिवाय राहू शकतो, पण अशी माणसे थोडी.

८. पाणी ओसरल्यावर

दाव्याची तयारी कोरड्या दिवसांत करायची असते. प्रत्येक खोलीचे, कपाटे उघडून काढलेले फोटो, मोठ्या वस्तूंची बिले आणि पॉलिसीची प्रत मोबाइलमध्ये आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही ठेवावी. भिजलेल्या कपाटातली पॉलिसी शोधत बसण्याची वेळ पुष्कळांवर येते.

पाणी शिरल्यावर आधी मेन स्विच बंद करणे, मग कंपनीला फोन किंवा ईमेलने कळवून दावा क्रमांक घेणे. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. ती पुसण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा, पाणी किती उंच होते याचा तोच पुरावा. चिखल काढायला हरकत नाही, नुकसान वाढू न देणे हे घरमालकाचे कर्तव्यच आहे, पण खराब झालेल्या वस्तू सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भंगारात घालू नयेत. महसूल विभागाचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विमा कंपनीचा सर्व्हे वेगळा. एक झाला म्हणून दुसरा होत नाही, पण पंचनाम्याची प्रत दाव्याला जोडली तर बळ मिळते. राडारोडा उचलण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम पॉलिसीतच धरलेली असते. ती मागायचे लोक विसरतात.

दावा नाकारला किंवा फारच कमी मंजूर झाला, तर कारण लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. सातारा जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे ऐकल्या जातात, वकील लागत नाही आणि फीही नाही.